बोरघाटातली चाल

तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकत होता. मागच्या ट्रेलरमध्ये पोटशूळ उठलेली घोडी होती आणि पुण्याच्या इस्पितळाआधी अर्धा बोरघाट बाकी होता. गाडीचा ऑटोमॅटिक गिअर सारखा तिसरा-चौथा करत होता. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सर्वांत वरचा चौथा गिअर, मी मुद्दाम चालू ठेवला होता. त्यात इंजिन संथ फिरतं. मग ते तापतंय कशाने?

"डॉक्टरीणबाई, चढाला अशी चाल बदलत राहिली तर घोडीसुद्धा ढेपाळेल," घोडीचे मालक हुसेनचाचा शेजारून म्हणाले. "एकच चाल धरा."

मी ओव्हरड्राइव्ह बंद केला. गिअर तिसऱ्यावरच टिकला आणि इंजिन गरजलं. बिघडलं की काय? माझं बोट पुन्हा बटणाकडे गेलं.

"राहू द्या. ओरडू द्या गाडीला."

काटा थांबला, मग केसभर खाली आला. कसा, ते मला तेव्हा कळेना; इंजिन जोरात फिरलं की त्याला थंड करणारा पंपही जोरात फिरतो, हे नंतर समजलं. चाचा मागे वळून घोडीला सांगत होते, "पोचतो गं आता."