भाताचे तीन गोळे

“पह्यले उचल ते ताट! जित्ता मानूसना म्होरे पिंड मांडस का वं?”

सुंदरबाई अक्कांचा आवाज पार गल्लीत गेला. साओरी ताटली ठेवायला वाकली होती, ती तशीच वाकलेली राहिली. खाटेवर उशीला टेकून बसलेल्या अभिमन नानांनी ताटलीत पाहिलं. भाताचे तीन पांढरे गोळे. वर काळे तीळ. तीन वर्षांपूर्वी नदीकाठी, बायकोच्या दहाव्याला, त्यांनी हेच पाहिलं होतं.

“मना भाऊ आजून जित्ता शे!” अक्कांनी पदर तोंडाला लावला.

सुनेला पिंड हा शब्दच ठाऊक नव्हता. नानांची बायको हेमलता गेली तेव्हा मुलगा ललित ओसाकाहून एकटाच धावत आला होता. या उन्हाळ्यात तो बायकोला घेऊन कायमचा शिरपूरला परतला. साओरीसाठी हा परका मुलूख. पण तिने कधी कुरकुर केली नाही. नाकाडोळ्यांतून पाणी काढत शेवभाजी खाल्ली, कळण्याची भाकरी थापायला शिकली. नानांची नोकरी वाचनालयात पुस्तकं सांभाळण्यात गेली, तरी या पोरीचं कौतुक करायला त्यांच्या तोंडून दोन शब्द निघाले नव्हते. ते मनात वाक्य जुळवत, आणि ती समोर आली की चष्मा पुसत बसत.

ताप उतरला होता, पण नानांची अन्नावरची वासनाच उडाली होती. अक्का शेजारच्या गल्लीतून खिचडी आणत, पेज आणत, दटावत. घास तोंडात नुसता फिरत राही. सकाळीच डॉक्टर सांगून गेले होते, आज पोटात काही गेलं नाही तर संध्याकाळी धुळ्याला दाखल करा. ललित गाडीची सोय बघायला गेला. तेव्हा साओरी हळूच म्हणाली, “अक्का, आज मी करू? माझ्या घरचं?” अक्का नाक मुरडत ओट्यापासून बाजूला झाल्या.

खाटेवरून स्वयंपाकघर दिसत होतं. साक्रीच्या बाजारातला जो चिकट तांदूळ अक्कांनी ‘गिचका होस’ म्हणून बाजूला टाकला होता, नेमका तोच तिने घेतला. भात वाफाळत असतानाच हात पाण्यात बुडवले, तळव्यांना मीठ चोळलं आणि चटके सोसत गोळा वळायला घेतला. दाबला, फिरवला, पुन्हा दाबला. दाब इतका हलका की शीत मोडू नये, इतका नेमका की गोळा सुटू नये. जुन्या पुस्तकाचं पान उलटताना नाना असाच हात ठेवत. मधोमध तिने काहीतरी खुपसलं, ते त्यांना दिसलं नाही. गोळ्याला गुंडाळायची, माहेरून आणलेली समुद्रातली काळी पानं पावसाळ्यातच संपली होती, म्हणून वरून तीळ लावले.

तिच्या डोक्यावरच्या फळीवर चिनी मातीची एक रिकामी बरणी होती. हेमलताची, खारातल्या लिंबांची. ती गेल्यावर उरलेली लिंबं संपली, तशी नानांनी बरणी धुऊन जागच्या जागी ठेवून दिली. अक्कांनी मिरचीच्या लोणच्यासाठी ती कितीदा मागितली. थोरल्या बहिणीला नानांनी जन्मात नाही म्हटलं असेल, तर त्या बरणीपायी.

हेमलता संध्याकाळी फोन घेऊन गच्चीवर जायची, ओसाकाला सुनेशी बोलायला. एकीला दुसरीची भाषा येत नाही, मग या बोलतात तरी काय, हे नानांना कधी विचारवलं नाही.

“माफ करा, अक्का. मला माहीत नव्हतं,” साओरी म्हणाली आणि ताटली उचलू लागली. तिचे तळवे अजून लाल होते.

“ऱ्हाऊ दे, अक्का.”

आपलाच आवाज नानांना अनोळखी वाटला. त्यांनी एक गोळा उचलला आणि घास तोडला.

आधी मीठ लागलं. मग ऊन भात, तीळ. आणि मग जिभेला काहीतरी आंबट, खारट, मुरून काळं झालेलं भेटलं. नानांचं चावणं थांबलं. त्यांची नजर वर फळीकडे गेली.

“काय व्हयनं रे भाऊ?” अक्का घाबरून पुढे आल्या.

नानांनी उरलेला गोळा त्यांच्यापुढे धरला. अक्का मागे सरल्या. मग भावाचे डोळे पाहून त्यांनी बोटाच्या टोकाने जरासं उचललं, जिभेवर ठेवलं, आणि खाटेच्या कडेवर बसूनच घेतलं.

“हाई ते हेमलताना हातनं लिंबू शे,” त्या पुटपुटल्या आणि लपवलेलं सापडल्यासारखं सुनेकडे वळल्या. “कोठे दपाडी ठेयेल व्हतं वं?”

“नाही, अक्का. हे मी घातलं. इथे आल्या आल्या, उन्हाळ्यात, गच्चीवर.” साओरी शब्द शोधत बोलत होती. “आमच्याकडे भाताच्या मध्ये खारवलेलं आंबट फळ असतं. ओसाकाला असताना मी आईंना ते फोनवर दाखवलं. आई हसल्या. मग त्यांनी लिंबू दाखवलं. ऊन किती, ते दाखवलं. मीठ किती, ते दाखवलं.”

तिने एका हाताचा पसा पुढे केला. अंगठा आत दुमडून, करंगळी जराशी उचलून. या घरात मीठ असं एकच बाई मोजत असे.

नानांनी हातातला गोळा संपवला. दुसरा उचलला. तो खाता खाताच ते म्हणाले, “अक्का, ती बरणी खाली काढ. सूनबाईला लिंबं घालायला लागेल.”