पहिल्या पानावरचा कॉमा

"पुन्हा खोडलात?"

लेकीने मुद्रितांचा गठ्ठा टेबलावर आदळला, तसा चहा हिंदकळून बशीत सांडला. मास्तरांनी मान वर केली नाही. सांडलेला चहा ते बशीनेच प्यायले.

त्यांचा उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेला होता. पोरं त्यांना कॉमामास्तर म्हणत. मास्तर दमसुद्धा कॉमा असेल तिथेच खातात, अशी शाळेत थट्टा चाले. आता उतारवयात त्यांचं पुस्तक निघत होतं. इंग्रजी वाक्यात कॉमा कुठे द्यावा आणि कुठे चुकूनही देऊ नये, याचं पुस्तक. लेक एका प्रकाशनात मुद्रितं तपासायची, म्हणून हे काम ओघानेच तिच्या गळ्यात पडलं.

बाकीच्या सगळ्या दुरुस्त्या मास्तरांनी मुकाट मान्य केल्या. घोडं अडलं ते अर्पणपत्रिकेवर.

'टु माय डॉटर हू स्टेड.'

डॉटरनंतर कॉमा हवा होता. लेक तो घालायची, मास्तर खोडायचे.

"बाबा, पुस्तक कॉमांचं आणि पहिल्याच पानावर कॉमा चुकलेला! लोक तोंडात शेण घालतील."

"चूक नाही ती."

"नाही? मग मला हे कोणी शिकवलं? 'माय ब्रदर, हू इज अ डॉक्टर.' कॉमा दिला की भाऊ एकच, आणि तो डॉक्टर आहे ही जास्तीची माहिती. कॉमा काढला की भाऊ पुष्कळ, त्यांतला डॉक्टर तेवढा आपण वेगळा काढला. हे चुकलं म्हणून तुम्ही मला भरल्या ताटावरून उठवलं होतंत. आठवतंय?"

"आठवतंय."

"मग?"

"जे लिहिलंय ते तसंच राहू दे."

लेकीच्या अंगाचा तिळपापड झाला.

आई गेली, त्याच वर्षी तिला परदेशातल्या विद्यापीठातून बोलावणं आलं होतं. बॅग भरून झाली होती. तेवढ्यात मास्तर जिन्यावरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. बॅग माळ्यावर गेली ती गेलीच. एक जण तिच्यासाठी थांबला होता. तोही थांबून थांबून कंटाळला. नंतर त्याच्या लग्नाला ती भेटवस्तू घेऊन गेली होती. ह्या सगळ्याबद्दल मास्तरांनी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. मायेने पाठीवर हात फिरवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

म्हणून ती ओळ पहिल्यांदा दिसली तेव्हा लेक न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली होती. 'स्टेड.' राहिली. म्हणजे बाबांना कळलं होतं तर! मग तोंड धुऊन तिने ओळ पुन्हा वाचली. ह्या खेपेला डोळ्यांना कॉमा दिसला नाही, आणि रडू आटून गेलं. आयुष्य वाहून टाकल्यावर पदरात काय पडलं? एक ओळ. तीही चुकीची.

"एक कॉमा टाकताना तुमचा हात का आखडतो हो?" तिचा आवाज चढला. "परक्याच्या पोरांच्या वह्या तुम्ही लाल करून सोडल्यात. माझ्यासाठी शाई संपली?"

मास्तरांनी बशी खाली ठेवली. "बस जरा. तुला एक सांगायचं आहे."

"नका सांगू! तुमचे नियम ऐकून ऐकून माझे कान किटलेत."

"नियम नाही गं..."

दार एवढ्या जोरात आपटलं की भिंतीवरची आईची तसबीर तिरकी झाली.

ऑफिसात जाईपर्यंत ती धुमसत होती. म्हातारपण आहे, डोकं चालेनासं झालंय, आणि हेका मात्र तोच. उद्या हसं झालं तर बोलणी कोणाला बसणार? मुद्रितं तपासणाऱ्या लेकीलाच. तिने छापखान्यात फोन लावला.

"अर्पणपत्रिकेत डॉटरनंतर कॉमा घाला. हो, शेवटचं. बाबांना दाखवायची गरज नाही. आणि प्रती घरी पाठवू नका, थेट सभागृहात येऊ द्या."

फोन ठेवल्यावर तिला कित्येक दिवसांनी मोकळं वाटलं.

प्रकाशनाला शाळेचं सभागृह जुन्या विद्यार्थ्यांनी भरून गेलं. टक्कल पडलेली, पोट सुटलेली माणसं मास्तरांसमोर अजूनही हाताची घडी घालून उभी राहत होती. मास्तर व्यासपीठावर बसले होते, पण भाषणांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मिनिटामिनिटाला मान उंचावून ते दाराकडे पाहत. पाहुणे तर कधीच आले होते. आता कोणाची वाट बघतायत कोण जाणे, म्हणून लेक मनात चरफडली. ती दाराजवळ पुस्तकांच्या टेबलाशी उभी होती.

एवढ्यात एक बाई घाईघाईने आत आली. केस पांढरे व्हायला लागलेले, खांद्यावर प्रवासाची पिशवी, चेहरा जागरणाने ओढलेला. तिने वरचीच प्रत उचलली, थेट अर्पणपत्रिकेचं पान उघडलं आणि वाचता वाचता टेबलाची कड घट्ट धरली.

"बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?" लेकीने विचारलं.

"नको." बाईने एकदा व्यासपीठाकडे पाहिलं. मास्तर खुर्चीतून अर्धवट उठले होते. बाईने पुस्तक मिटून परत ठेवलं आणि लेकीच्या गालाला अलगद हात लावला.

"मी घर सोडून गेले तेव्हा तू पाळण्यात होतीस," ती म्हणाली. "परवा बाबांचा फोन आला. म्हणाले, 'ये, पुस्तकात मी तुलाही जागा ठेवलीय. मुद्दाम कॉमा दिलेला नाही.'"