चुन्याचं पाणी

फौजदार दळव्यांनी परात मांडवाच्या मधोमध ठेवायला लावली आणि बायांची हळदीची गाणी थांबली.

परातीत चुन्याची निवळी होती. घाबरण्यासारखं काही नाही, हात बुडवायचा आणि काढायचा, असं फौजदारांनी सांगितलं. कोणी जागची हलली नाही.

परातीपाशी भागीरथी बसली होती. दारूगोळ्याच्या कारखान्यातली कामकरीण. परक्या बायांच्या हाताला पोलिसांनी हात लावणं बरं दिसत नाही, म्हणून तिला गाडीत घालून आणली होती. शिवाय सिंधूला तोंडानं ओळखणारी तीच एक.

चार महिने दोघी एका बाकावर बसून पितळी टोपणांत पिवळी भुकटी भरत होत्या. लढाई कुठं चालली होती ते दोघींनाही धड माहीत नव्हतं. भुकटीनं तळवे मनगटापर्यंत पिवळे होत, आणि काम सोडलं तरी महिनाभर रंग जात नसे. पाळी सुटली की नाक्यावरचे रिकामटेकडे म्हणत, "निघाल्या बघा नवऱ्या, हळद लावून."

अकरा दिवसांपूर्वी सिंधू कामावर आली नाही. त्याच दिवशी पहाटे लष्करी गाड्यांचा पूल उडाला होता. भुकटी चिमूट चिमूट करून बाहेर गेली होती. सिंधूचं नाव खोटं निघालं, पत्ताही खोटा. हाती राहिलं ते वर्णन. अंगानं सडपातळ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात काळी पोत, नवरा पलटणीत. एका टांगेवाल्यानं तिला या गावच्या फाट्यावर सोडलं होतं.

ती सापडली तर फाशी. नाही सापडली तर बाकावरची शेजारीण म्हणून तुला आत टाकतो, असं फौजदारांनी वाटेतच भागीरथीला बजावलं होतं. तिची दोन लेकरं शेजारणीकडे होती. सोमवारचा उपास, पोटात पाणीसुद्धा नाही. वाटभर ती देवाचं नाव घेत आली.

आणि गावात शिरावं तर या घरी हळद. आलेल्या एकूण एक बाईचे हात पिवळे.

फौजदारांनी आधी भागीरथीला सगळ्यांच्या तोंडावरून नजर फिरवायला लावली. तिनं फिरवली. यांत ती नाही, म्हणाली.

"एकाच माळेचे मणी तुम्ही," फौजदार म्हणाले. "माझी आई घरी कुंकू करायची. हळदीला चुना लागला की ती लाल होते. कारखान्याचा रंग होत नाही. बुडव तुझे हात."

भागीरथीनं बुडवले. पिवळे ते पिवळेच राहिले.

मग एकेक बाई पुढं आली. भागीरथी मनगट धरून हात निवळीत घाली, चोळी, वर काढी. लाल. पुढची. लाल. एक म्हातारी म्हणाली, "सत्तर वर्षांत सासूनं धुतले नाहीत एवढे हात सरकारनं धुतले."

शेवटी नवरी राहिली. हौसा. अंगानं सडपातळ. कोपरापर्यंत हळद, आणि पोलिसांची गाडी दिसल्यावर तिच्या आईनं, सरूबाईनं, वर आणखी एक हात दिलेला. तो ओला थर फौजदारांच्या नजरेतून सुटला नव्हता.

मुलगी गेले चार महिने कुठं होती, त्यांनी विचारलं. सरूबाईनं पदर सावरला. मामाकडे होती, शिवण शिकायला. सोबतीला तिची आत्या होती. मामाचं गाव कोणतं? सरूबाईनं कारखान्याच्या गावाचं नाव घेतलं.

"आणा इकडं," फौजदार म्हणाले.

"साहेब, हळदीच्या अंगाला चुना लावू नये. तुमच्याही घरात लेकीबाळी असतील. उद्या अक्षता आहेत."

"अक्षता पडतात की बेड्या, ते बघू."

भागीरथीनं हौसाचे हात हातांत घेतले. ते थंडगार होते. तिनं ते निवळीत घातले, वरचा थर चोळून काढला, पुन्हा बुडवले, आणि वर धरले.

लालभडक.

फौजदारांनी ते हात उलटसुलट करून बघितले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, मुलीला आशीर्वाद द्यायला हात वर केला आणि तो अर्ध्यावरच खाली घेतला. शिपायाला गाडी वळवायला सांगितली.

"परात देऊन ये आणि गाडीत बस," ते भागीरथीला म्हणाले. "कोठडीत चार दिवस काढलेस की तोंडं आठवतील."

भागीरथी परात उचलून माजघर ओलांडून चुलीपाशी गेली. तिथं धुरात एक बाई भिंतीकडं तोंड करून बसली होती. पावलांची चाहूल लागताच तिनं मान वळवली. भागीरथीच्या हातून परात निसटता निसटता राहिली. पाणी सांडलं, भांडं वाजलं.

"आत कोण आहे?" फौजदारांनी विचारलं. ते उंबऱ्याशी येऊन थांबले होते. "एक हात राहिला का?"

भागीरथीला लेकरं आठवली. एक शब्द, आणि ती संध्याकाळी घरी.

"पांढऱ्या कपाळाची आहे, साहेब," ती म्हणाली. "मांडवात कशी येईल?"

उंबऱ्यावर टेकलेला पाय मागं गेला. शुभकार्याच्या दिवशी नको ते तोंड बघायला लावू नका, असं काहीसं पुटपुटत फौजदार वळले.

बाईनं परात घ्यायला हात पुढं केले. कपाळ मोकळं, गळा मोकळा. आणि कित्येक वर्षांत हळदीचं बोटही न लागलेले ते दोन्ही तळवे मनगटापर्यंत भागीरथीच्या तळव्यांसारखेच पिवळेजर्द होते.