भिंतीतल्या फटी

आमच्या जेजू बेटावर शेताची भिंत नुसते काळे दगड रचून उभी करतात आणि मधल्या फटी कुणी बुजवत नाही. पण आमचे हे पडले राजधानीतले, सोल शहराचे. निवृत्त झाल्यावर माझ्या माहेरच्या तुकड्यात बाग करायला घेतली. जागा चटईएवढी आणि त्यात संत्री, पीच, द्राक्षं, गुलाब, लसूण! जेवतानासुद्धा काड्यांनी भातावर वाफे आखायचे.

"अहो, पाय तरी कुठे ठेवायचा?"

"पाय कशाला ठेवायचाय? अजून मुळा राहिलाय."

वाऱ्यानं रोपं लोळवली, तेव्हा यांनी भिंतीच्या सगळ्या फटी सिमेंटनं लिंपून टाकल्या. शेजारच्या आजी ओरडल्या, "जावईबापू, फटी राहू द्या! वारा आत येतो, हिंडतो, निघून जातो. अडवलात तर भिंत पाडेल."

काल अख्खी भिंत रोपांवर आडवी झाली. आज उजाडायच्या आत हे पुन्हा सिमेंट कालवत होते. मी हातातली थापी काढून घेतली.

"पुरे आता. जरा स्वस्थ बसा."

"बसलो की युनजू येते डोळ्यांसमोर."

लेक गेल्यापासून तिचं नाव त्यांनी आज पहिल्यांदा घेतलं. मी त्यांना हाताला धरून पडलेल्या दगडांवर बसवलं आणि शेजारी टेकले.

"मग येऊ दे की तिला. आजी काय म्हणाल्या होत्या?"