तक्रार मिटल्याची सही

दार उघडलं तेव्हा सायकल कंपनीच्या मॅनेजरबाईंनी हसू तयारच ठेवलं होतं.

“आजोबा, तुमच्या तक्रारी वाचणारी ती मीच.”

“अरे वा! म्हणजे वाचत होतीस तर. ये, बस.”

ऑफिसात आजोबांना सगळे ‘सव्वानऊ’ म्हणत. रोज त्या ठोक्याला त्यांचा फोटो यायचा: फुटपाथवर कुणीही कशाही सोडून दिलेल्या भाड्याच्या सायकली आणि खाली एकच ओळ, ‘तीन फूट वाट सोडा.’ तीनच का, हे कुणी विचारलं नव्हतं. दोन वर्षं माणूस हटला नाही आणि गेले तीन आठवडे एकदम चिडीचूप. बाईंना हायसं वाटलं होतं. कारण नगरपालिकेने बजावलं होतं: या वॉर्डातल्या प्रत्येक तक्रारदाराची सही आणा, मगच आणखी हजार सायकली उतरवा. बाकीच्या सह्या झाल्या होत्या. आज शेवटचा दिवस होता आणि ही सही नसली तर उद्या बाईंची खुर्ची दुसऱ्या कुणाची तरी होती.

“सायकली सरळ लावायला आता माणूस ठेवलाय आम्ही. फरक पडला ना?”

“पडला असेल. मला आता काही अडत नाही.”

आजोबांची नजर कोपऱ्याकडे गेली. तिथे चाकांची खुर्ची होती, तिच्यावर घडी न घातलेल्या कपड्यांचा ढीग.

“हिला रोज तळ्यापर्यंत न्यायचो. तुमच्या सायकली हलवता हलवता मला धाप लागायची, मग हीच म्हणायची, ‘राहू दे हो, उद्या बघू.’ शेवटचा आठवडा तर आम्ही फाटकातूनच परत आलो.”

बाईंनी बाहेर काढलेला फॉर्म पर्समध्ये सरकवला. “मी... नंतर येते, आजोबा.”

“नंतर कशाला? आण इकडे. तुझं तरी काम होऊ दे.”

चष्मा पुसून त्यांनी फॉर्म सावकाश वाचला. सही केली, तारीख घातली. ‘तक्रार कशी मिटली?’ या रकान्यापाशी पेन जरा थांबलं. मग सुबक अक्षरात लिहिलं: ‘आता एकटाच असतो. अंग चोरून जाता येतं.’

फॉर्म बाईंपुढे धरून त्यांनी विचारलं, “चालेल ना गं एवढं?”