मिरजेचा फोटो

"ह्याच्या आधी डोळ्याचा असा फोटो कधी काढलाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाय," रुद्राप्पा पटकन बोलून गेला. लेकीकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

लेक, दानेश्वरी, बाकावर बसली होती. हाताच्या शिरेत टोचलेल्या औषधानं तोंड पिवळंजर्द झालेलं. ते औषध डोळ्यात पोचलं की आतल्या रक्तवाहिन्या उजळतात आणि मग फोटो काढतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शेजारी तिची सासू, शिवाजी पेठेतली आक्का, सुनेचा हात मांडीवर घेऊन बसली होती.

डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. "नंबर भलताच मोठा आहे. अशा डोळ्यात मेंदूकडं जाणारी नस मुळातच वाकडी, फुगल्यासारखी दिसते. पण मेंदूत गाठ असली तरी ती फुगते. रक्तवाहिन्यांवरून मला नक्की सांगता येईना. जुना फोटो असता तर ताडून बघितलं असतं. नाही म्हणताय, तर धोका नको. आजच पुण्याला न्या."

गाठ म्हटल्यावर आक्काच्या तोंडचं पाणी पळालं. "पावणं, माझ्यामुळंच वं! धडधाकट पोरगी दिलीसा तुमी. माझ्या चुलीच्या धुरानं डोळं गेलं तिचं. म्हणून तर वशिला लावून गॅस आणला. पर उशीर झाला की!" पदरानं डोळे पुसत ती उठलीच. "मी जाते पोरीसंगं. तुमी जावयाला निरोप द्या."

रुद्राप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोटो होता. लग्न ठरायच्या आधी त्यानंच मिरजेला काढून आणला होता आणि हातकणंगल्याच्या घरात ट्रंकेच्या तळाला दाबला होता. जाड भिंगाची पोरगी कोण करून घेणार? बघायला आले त्या दिवशी चष्मा काढायला लावला, तो सासरी जातानाही दिला नाही. वर 'तोंडातनं अवाक्षर काढायचं न्हाय' असं बजावलेलं. पोरीनं बापाचा शब्द पाळला. गाठीचं नाव निघालं, तरी आत्ताही पाळत होती. थू तुझ्या जिनगानीवर, त्यानं स्वतःलाच शिवी घातली.

"डॉक्टर, फोटो हाय," तो म्हणाला. "लग्नाआधीचा. चष्मा बी हिला पहिलीपास्नं हाय. नस जन्माचीच वाकडी हाय, असं मिरजंच्या डॉक्टरांनी म्हटलंतं. मीच लपवलं. आक्का, तुमच्या धुराचं काय न्हाय वं ह्यात."

"अहो, मग मघाशी तोंड शिवलं होतं का?" डॉक्टर भडकले. "आणा तो फोटो आधी. तसाच दिसला तर गाठबीठ काही नाही."

"आणतो," तो म्हणाला, पण पाय उचलेना. आता ही बाई चारचौघांत आपली अब्रू काढणार, आणि काढायलाच पाहिजे, असं मनाशी म्हणत तो मान खाली घालून उभा राहिला.

आक्का त्याला सोडून सुनेपाशी गेली. तिनं सुनेची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं.

"मग वरीसभर माझं तोंड तरी धड दिसलंय व्हय गं तुला?"

दानेश्वरीनं नुसती मान हलवली. नाही.

आक्का नाकाला नाक लागेल इतकी पुढं वाकली.

"बघ आता," ती म्हणाली.