पाचवं नाव

कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीशेजारी बाबूनं एक कागद डकवला होता. त्यावर विषयांची नावं आणि प्रत्येक नावापुढं उभ्या रेघा, जितकी पोरं तितक्या. हिंदी साहित्यापुढं रेघांचं कुंपणच झालं होतं. मराठीपुढं चार.

"पाँच हुए तो क्लास चलेगी," बाबू म्हणाला. "चार में क्लास नहीं होती, ताश होती है."

रांग हसली. शालिग्राम गुरुजी हसले नाहीत. इतवारा पेठेतल्या मराठी शाळेत ते एकवीस वर्षं शिकवत होते. नवं हिंदी राज्य होऊन, भोपाळ त्याची राजधानी होऊन आठ महिने झाले होते, आणि यंदा त्यांच्या पहिलीत तीनच पोरं बसली होती. मुलीचा, शेजारी उभ्या निर्मलाचा, फॉर्म त्यांनी चार घड्या करून सदऱ्याच्या खिशात ठेवला होता. सकाळी त्यांनीच तिला समोर बसवून सांगितलं होतं, "हिंदी लिही." तिनं वर पाहिलं नव्हतं. लिहिलं होतं. एवढं वाकडं अक्षर ती कधी काढत नसे.

"गुरुजी! ओ गुरुजी!"

दापोरा गावची धुरपदाबाई रांगेला वळसा घालून येत होती. काखेत हिरव्या केळ्यांची फणी, मागं तिची लेक कोकिळा. गुरुजींच्याच शाळेतून शिकून वर आलेली. नव्या चपला चिखलानं खराब होतील म्हणून तिनं हातात घेतल्या होत्या.

"बरं झालं तुमी भेटले," धुरपदाबाईनं कागद पुढं केला. "पोरीचं पयलं अक्षर पाटीवर तुमीच काढलं, तिचा हात धरून. आता हे बी तुमीच लिहा."

"मला लिहिता येतं, माय," कोकिळा म्हणाली.

"तुले येते वं. पन हात गुरुजीचा पाह्यजे."

गुरुजी पायरीवर टेकले, फॉर्म गुडघ्यावर घेतला. कोकिळा निर्मलाच्या कानाशी लागली. "तू मराठीच ना? विचारते तरी काय मी! खिडकीजवळची जागा माझी हं. आत्ताच सांगून ठेवते."

निर्मला बापाच्या पेनाकडं बघत राहिली. पेन नावावरून गेलं, गावावरून गेलं, जन्मतारखेवरून गेलं. 'विषय' लिहिलं होतं तिथं येऊन थांबलं. टोकाशी शाई जमत गेली.

"थांबले काऊन? निमूनं लिहिलं तेच लिहा," धुरपदाबाई म्हणाली. "दोन उन्हाळे तुमी माझ्या जात्यापाशी बसले, गुरुजी. माझ्या ओव्या वहीत उतरून नेल्या. मले हासू ये. मी म्हने, ह्या पिठात काय सापडलं मास्तराले? तुमी म्हनले, धुरपदाबाई, हे एक दिवस कालेजात शिकवतील. तवापासून हिले तेच लागलं. झोपेत बी तेच."

गुरुजींनी पेनाचं टोपण लावलं.

"धुरपदाबाई, हिंदी लिहू या. आता परीक्षा हिंदीत, कागद हिंदीत, नोकरी हिंदीत. मी म्हणालो तेव्हा राज्य निराळं होतं."

"राज्य गेलं असंल कुठं. मी त्याच घरात हाय, गुरुजी. जातं बी तिथंच हाय."

मग तिनं हळूच विचारलं, "निमूनं काय लिहिलं?"

गुरुजींचा हात खिशावर गेला आणि तिथंच राहिला. निर्मलानं तो हात बाजूला केला, फॉर्म काढला, एकेक घडी उलगडली आणि कोकिळेच्या हातात दिला.

"हिंदी," कोकिळेनं वाचलं. कागद उलटा करून मागची कोरी बाजू बघितली. परत पुढची बघितली. मग तो निर्मलाला देऊन टाकला.

तिनं चपला खाली ठेवल्या, पायांत घातल्या. गुरुजींच्या हातातून पेन घेतलं आणि फॉर्म भिंतीला टेकवून लिहिलं. मराठी. शेवटची वेलांटी शिरोरेघेवरून लांब ओढलेली, गुरुजी फळ्यावर ओढत तशी.

खाली धुरपदाबाईचा अंगठा लागला. केळीच्या चिकानं तिची बोटं आधीच काळी होती. शाई लागली की नाही, ते बाबूला दोनदा पाहावं लागलं.

"पाँच," तो म्हणाला, आणि पाचवी रेघ त्यानं चार रेघांवरून आडवी ओढली. "लो, खुल गई क्लास. लाइए गुरुजी, बिटिया का?"

फॉर्म निर्मलानंच दिला. शिक्का बसला. तिची रेघ त्या कुंपणात कुठं गेली, ते तिलाही दिसलं नाही.

धुरपदाबाईनं केळ्यांची फणी निर्मलाच्या हातात ठेवली. "घे बाई. दोन रोजात पिकंल." पदर सावरून ती निघाली. चार पावलं जाऊन वळली. आवाजात राग नव्हता, विहिरीवर शेजारणीशी बोलावं तसं बोलली.

"गुरुजी, ती ओव्यांची वही कोकिळेजवळ देऊन टाका. तुमच्या घरी आता कोन वाचंल?"